अपमानाची वही

दिवाळी जवळ आली की आमच्या केलगेरीतही अलीकडे एक वाद हटकून निघतो. चिनी दिव्यांच्या माळा घ्याव्यात की घेऊ नयेत? १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, तेव्हापासून या वादाला धार आली आहे. धारवाडच्या बाजारातून माळ आणणारा माणूस ती पिशवीच्या तळाशी ठेवून आणतो आणि लावताना शेजाऱ्याला सांगतो, "गेल्या वर्षीचीच आहे हो." या वादात चीनविषयी दोन मते ठरलेली असतात. एक म्हणजे चिनी माणूस मुळातच विश्वासघातकी. दुसरे म्हणजे बळी तो कान पिळी, जगाची रीतच आहे ती.

पहिले मत मला मान्य नाही. एका संपूर्ण जातीच्या रक्तातच कपट आहे असे म्हणणारा माणूस उद्या कोणाही विषयी तेच म्हणेल, आणि सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला ते 'कोणीही' कोण असू शकते याचा अनुभव आहे. दुसरे मत खरे आहे, पण पुरेसे नाही. दरोडेखोराला आपण दरोडा घालतो आहोत हे ठाऊक असते. चीनचे तसे नाही. दुसऱ्यावर वर्चस्व गाजवणे हे पाप आहे आणि ते पाप आपल्या हातून कधी घडले नाही, असे तो देश मनापासून मानतो. हे ढोंग आहे असे म्हणून मोकळे होता येते. पण ढोंग करणारा निदान स्वतःशी तरी प्रामाणिक असतो. मला कोडे पडते ते निराळेच. जो स्वतः शंभर वर्षे बलवानांच्या लाथा खात होता, तो बलवान झाल्यावर लहानांशी तसाच का वागतो? आणि वागूनही त्याचे मन त्याला खात कसे नाही? हा प्रश्न चीनचा आहेच, पण तो आपल्याही दारात उभा आहे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

चिनी मुलांना शाळेत 'राष्ट्रीय अपमानाचे शतक' शिकवतात. हे शतक १८३९ साली सुरू होते आणि १९४९ साली संपते. १८३९ साली लिन झेशू नावाच्या निःस्पृह अधिकाऱ्याने कँटनजवळ इंग्रज व्यापाऱ्यांच्या अफूच्या वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२ साली नानकिंगच्या तहात हाँगकाँग गेले, नुकसानभरपाई द्यावी लागली, पाच बंदरे उघडावी लागली. विष विकण्याचा हक्क बजावण्यासाठी केलेले असे युद्ध इतिहासात दुसरे सापडणे कठीण. १८६० साली इंग्रज-फ्रेंचांच्या फौजांनी बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला. त्याचे भग्न खांब चीनने मुद्दाम तसेच ठेवले आहेत, शाळेच्या सहली तिथे जातात. १९०१ साली बॉक्सर बंडानंतर पंचेचाळीस कोटी तैल चांदीचा दंड बसला, म्हणजे त्या वेळच्या दर चिनी माणसामागे सुमारे एक तैल, आणि तो व्याजासह एकोणचाळीस वर्षांत फेडायचा. पुढे जपान आला. १९१५ साली जपानच्या एकवीस मागण्यांपुढे मान तुकवावी लागली, तो ९ मे हा दिवस तिथे 'राष्ट्रीय अपमान दिन' म्हणून पाळला जाऊ लागला. १९३७ च्या डिसेंबरात नानकिंगमध्ये जे घडले ते लिहवत नाही. इतके सोसलेल्या माणसाने ते विसरावे असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही.

आणि आपल्याला तर मुळीच नाही. कारण चीनला जाणाऱ्या अफूत बिहार-बनारसच्या कंपनीच्या मक्त्याची अफू होती तशी माळव्याचीही होती. माळवा म्हणजे शिंदे, होळकर, धार आणि देवासचे पवार. कंपनीची जकात चुकवून ती आधी दमणमार्गे जाई. पुढे कंपनीनेच परवाना-शुल्क लावून तिला मुंबईचे बंदर मोकळे केले. मुंबईतील कित्येक टोलेजंग घराण्यांचा आणि धर्मादाय संस्थांचा पाया या व्यापारातल्या पैशावर उभा आहे. त्या शेतकऱ्याला आपली अफू कुठे जाते हे कदाचित ठाऊक नसेल, पण त्यावर सारा घेणाऱ्यांना होते. चीनवर चाललेल्या इंग्रज फौजांमध्ये हिंदी शिपाई होते. १९०० सालच्या स्वारीत गेलेल्या ठाकूर गदाधर सिंह या राजपूत शिपायाने 'चीन में तेरह मास' हे पुस्तक लिहून तिथल्या लुटीबद्दल खंत व्यक्त केली. बाकीचे गप्प राहिले. आमच्या पाठ्यपुस्तकात अफूचे युद्ध आले तर ते 'इंग्रजांनी' केलेले असते. तो धडा मी कितीतरी वर्षे शिकवला आहे. माळव्याचे नाव त्यात नसते.

त्या देण्याची थोडी फेड एका सोलापूरकराने केली. १९३८ साली चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली, सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. बाकीचे यथाकाल परतले. कोटणीस राहिले. जपानी फौजांच्या पिछाडीला डोंगराळ मुलखात त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले 'यिन्-ह्वा'. यिन् म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्या वडील पिढीने पाहिला असेल. चीनमध्ये त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. सीमेवर कितीही तणाव असो, चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणिसांच्या नातलगांची भेट घेत आले आहेत. तेव्हा चिनी माणूस उपकार विसरतो असेही नाही. त्याच्या वहीत त्याच्यावर झालेला अन्याय आणि त्याच्यावर झालेला उपकार, दोन्ही नीट लिहिलेले आहेत.

मग त्या वहीत काय लिहिलेले नाही?

ते पाहण्याआधी चिनी विचारातील एक जुना भेद सांगायला हवा. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मेन्शियस नावाचा तत्त्वचिंतक होऊन गेला. त्याने सत्तेच्या दोन वाटा सांगितल्या. एक वांग-ताओ, राजधर्माची वाट, आणि दुसरी पा-ताओ, जबरदस्तीची. जबरदस्तीने झुकलेला मनाने झुकत नाही, केवळ त्याचे बळ कमी पडते, असा त्याचा आशय. मोठ्या राज्याने लहानाशी कसे वागावे याबद्दलही त्याचे म्हणणे मनन करण्यासारखे आहे. लहानाने मोठ्यापुढे नमते घेणे हा शहाणपणा झाला, पण मोठ्याने लहानापुढे नमते घेणे याला हृदयाची उदारता लागते. आपल्याकडे कौटिल्याने शेजारी हा शत्रू असे मंडलाचे गणित मांडले. त्या मानाने मेन्शियस मला कितीतरी उंचावरचा वाटतो.

हा भेद पोथीत राहिला नाही. २८ नोव्हेंबर १९२४ रोजी सुन यत्-सेन यांनी जपानमधील कोबे येथे भाषण केले, त्यात जपानला विचारले की तुम्ही पश्चिमेच्या पा-ताओचे शिकारी कुत्रे होणार की पूर्वेच्या वांग-ताओचे रक्षक? जपानने तेरा वर्षांनी नानकिंगमध्ये उत्तर दिले. १० एप्रिल १९७४ रोजी तंग श्याओ-पिंग संयुक्त राष्ट्रसंघात बोलले. चीन महासत्ता नाही आणि कधी होणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि पुढे असेही की चीन जर कधी बदलला आणि जगावर दादागिरी करू लागला, तर जगातील जनतेने त्याला उघडे पाडावे, विरोध करावा आणि चिनी जनतेच्या बरोबरीने त्याला उलथून टाकावे. एखाद्या राष्ट्राच्या प्रतिनिधीने जगापुढे स्वतःविरुद्ध इतका सडेतोड जामीन दिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. हे भाषण मी दोन-तीनदा वाचले. ते खोटे वाटत नाही. निदान त्या दिवशी तरी ते खरे असावे.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी १९७९ मध्ये, त्याच तंगांच्या फौजा व्हिएतनामला 'धडा शिकवायला' सरहद्द ओलांडून गेल्या. आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तेव्हा चीनच्या दौऱ्यावर होते. ते दौरा आटोपता घेऊन परतले. २०१० साली हनोई येथील बैठकीत दक्षिण चिनी समुद्राचा विषय निघाला, तेव्हा चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुनावले की चीन मोठा देश आहे आणि बाकीचे लहान आहेत, ही वस्तुस्थिती आहे. २०१६ च्या जुलैत हेगच्या लवादाने फिलिपाइन्सच्या बाजूने निकाल दिला, चीनने तो कागदाचा कपटा मानला. मेन्शियसचे मोठ्या-लहानाचे सूत्र इथे कुठे गेले? चीनला ते आठवत नाही असे नाही. सरकारी भाषणांत राजधर्माचा आणि सौहार्दाचा उल्लेख येतोच. मात्र आपण जे करतो ते जबरदस्तीत मोडत नाही, अशी त्याची खात्री आहे. जबरदस्ती ही पश्चिमेने चीनवर केलेली गोष्ट. चीनने दुसऱ्यावर केली तर ते गेलेले परत घेणे, किंवा शेजाऱ्याला समज देणे.

चिनी लोक चंग ह या दर्यासारंगाचे उदाहरण नेहमी देतात. १४०५ ते १४३३ या काळात त्याची प्रचंड गलबते सात वेळा निघाली, आपल्या कालिकतपर्यंत आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेली, आणि पोर्तुगीजांसारखी वीतभर जमीनही त्यांनी घेतली नाही. गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हा फरक चटकन पटतो. तो खराही आहे. पण याच चंग हने सिलोनमध्ये लढाई करून तिथल्या राजाला पकडले आणि १४११ साली चीनला नेले. त्याच बादशहाच्या फौजा १४०७ पासून वीस वर्षे व्हिएतनाम दाबून बसल्या होत्या. चीनच्या शाळेतल्या चंग हच्या गोष्टीला सिलोनचा हा भाग सहसा जोडलेला नसतो. वहीला येण्याचे पान आहे, देण्याचे नाही, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

देण्याचे ते पान कसे असते हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. हुबळीहून पन्नासएक किलोमीटरवर मुंडगोड आहे. १९६६ सालापासून तिथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ल्हासाजवळचे गांदेन आणि ड्रेपुंग हे विद्यापीठांसारखे मठ त्या मक्याच्या शेतांत पुन्हा उभे राहिले. थंडीत स्वेटर विकायला बसणारी ती माणसे आपल्या परिचयाची आहेत. १९५० साली चिनी फौजा तिबेटात शिरल्या. १९५१ साली सतरा कलमी करार तिबेटच्या प्रतिनिधींच्या गळ्यात मारला गेला. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामांना देश सोडावा लागला. अफूच्या युद्धानंतरचे तह बंदुकीच्या धाकाने लादलेले म्हणून 'विषम करार' असे चीन योग्यच म्हणतो. पण सतरा कलमांना तो 'शांततापूर्ण मुक्ती' म्हणतो. आपल्यालाही इथे फार ताठ मानेने बोलता येत नाही. ज्या पंचशीलाचा आपण गौरव करतो, ती पाच तत्त्वे २९ एप्रिल १९५४ च्या ज्या कराराच्या आरंभी आहेत, तो करार 'चीनच्या तिबेट विभागा'शी व्यापाराबाबतचा होता. दोन मोठ्यांनी एकमेकांना अनाक्रमणाचे वचन दिले आणि ज्याच्याविषयी करार होता त्याला विचारले नाही. आठ वर्षांनी ते वचनही उरले नाही. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून यशवंतरावांचा आपण अभिमान बाळगतो, तो प्रसंग त्यातूनच आला.

वर्गातल्या मुलांना घेऊन एकदा मुंडगोडला गेलो होतो. एक तरुण भिक्षू आम्हाला मठ दाखवत होता, कन्नड आमच्या मुलांपेक्षा सफाईने बोलत होता, जन्मच तिथला. एका मुलाने विचारले, तुम्हाला चिनी लोकांचा राग येतो का? तो म्हणाला, "मी अजून चिनी माणूस पाहिलेला नाही. तुम्ही शाळेत त्यांच्याविषयी काय शिकता?" मुलांनी माझ्याकडे पाहिले. परतीच्या वाटेवर मी त्यांना सांगितले की मुंडगोडची जमीन म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री निजलिंगप्पा यांच्या काळात, त्यांच्या पुढाकाराने मिळाली. सीमाभागातील मराठी घरांत हे नाव काहीशा कडवटपणेच घेतले जाते. त्याच नावापुढे मुंडगोडमध्ये हात जोडले जातात.

इथवर वाचलेला वाचक मनात म्हणत असेल की इंग्रजांनी, अमेरिकनांनी यापेक्षा वेगळे काय केले? मान्य. इंग्रजांनी तर वहीच ठेवली नाही. मारणारा विसरतो, मार खाणारा विसरत नाही, हा साधा व्यवहार आहे. अमेरिकेने व्हिएतनामात, इराकमध्ये काय केले ते सांगायला नको. महासत्तांच्या चढाओढीत सज्जन कोण हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला कुतूहल आहे ते त्या माणसाचे, जो मार खाल्लेला आहे, विसरलेला नाही, आणि आता मारतो आहे. कारण तसा माणूस मी आरशात पाहिला आहे.

बंगालमध्ये मूल झोपत नसेल तर आई त्याला बर्गी आले म्हणून भिववते. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे आपण. १७४२ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी वर्षामागून वर्ष बंगालवर गेल्या. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या हालांचे वर्णन 'महाराष्ट्र पुराण' नावाच्या काव्यात केले आहे. कलकत्त्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला. आम्ही चौथाईला 'हक्क' म्हणत होतो. अटकेपार गेलेल्या झेंड्याचा धडा आपल्याला पाठ असतो, बर्गीचा नसतो.

बंगाल लांब आहे. आपला धारवाडचा किल्ला घ्या. सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१ परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या मदतीने त्याला वेढा घातला होता, आत टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान. तीन सत्तांची चढाओढ, आणि कोणाच्याच बाजूचा नसलेला आजूबाजूचा शेतकरी. त्याच मोहिमेत, १७९१ साली, पटवर्धनांच्या लष्कराबरोबरच्या पेंढाऱ्यांनी आणि लमाणांनी शृंगेरीचा शारदामठ लुटला. शंकराचार्यांचे पीठ! मठाला पुन्हा उभे राहायला पैसा आणि धान्य कोणी पाठवले, तर टिपू सुलतानाने. ती पत्रे १९१६ साली मठात मिळाली. ही गोष्ट कर्नाटकात सर्वांना ठाऊक असते आणि आपल्याकडे फारशी कोणाला नसते. एखाद्या कन्नड शेजाऱ्याने ती काढली की आपण "ते पेंढारी होते, मराठे नव्हते" असे म्हणतो. तर्क तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. बीजिंगचे प्रवक्तेही तांत्रिकदृष्ट्या बरोबरच बोलत असतात.

आणि आता जवळची गोष्ट, जी सांगताना मला माझ्याच माणसांचा रोष पत्करावा लागेल. गेली पासष्ट-सत्तर वर्षे सीमाभागातील मराठी माणसाने जे सोसले ते माझ्या घरानेही सोसले आहे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपल्याला न विचारता राज्य बदलले. दप्तराची भाषा बदलली, दुकानाच्या पाट्यांवरून दगड पडले, मुलाचा अर्ज केवळ मराठीत लिहिला म्हणून एका कचेरीत परत फेकला गेला. तो मुलगा मी होतो. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हे सर्व आपल्या वहीत आहे, आणि असावे. परंतु १९५६ च्या आधी काय होते? एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील या धारवाडात कचेरीचे दप्तर मराठीत, लिपी मोडी, कारकून मराठी, आणि कन्नड मुलखातल्या शाळांतही मराठीचा वरचष्मा. कन्नड रयतेला आपल्याच गावी आपला अर्ज परक्या भाषेत लिहून घ्यावा लागे. कन्नड शाळांसाठी डेप्युटी चन्नबसप्पांनी जन्मभर खस्ता खाल्ल्या. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला, तो कन्नड वाचवण्यासाठी. कोणापासून वाचवण्यासाठी, हे त्या संघाच्या दारावरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारले आहे? केलगेरीहून हाकेच्या अंतरावर साधनकेरीत द. रा. बेंद्रे राहत. घरात मराठी, कवित्व कन्नड, आणि मराठीतही लिहिलेले. दोन्ही पाने एकाच घरात होती, आपण त्यांतले एकच उघडून वाचतो.

माझे एक स्नेही, बेळगावकडचे, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, यावर चिडले. त्यांचे म्हणणे असे: "चीनकडे अण्वस्त्रे आहेत. आमच्याकडे काय आहे? ही वही तेवढी आहे. दुबळ्याची आठवण हेच त्याचे बळ. तुम्ही त्यातही आमचे देणे लिहायला सांगता, मग समोरचा म्हणेल की फिटंफाट झाली, चला." हा आक्षेप हलका नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. फिटंफाट होत नाही हे खरे आहे. १८९० चा अन्याय दाखवून १९५६ चा न्याय्य ठरत नाही, आणि अफूचे युद्ध दाखवून तिबेट न्याय्य ठरत नाही. दुबळ्याच्या एकतर्फी आठवणीने जगाचे नुकसानही फार होत नाही, हेही मान्य.

पण चीन १९१५ साली दुबळाच होता. अपमान दिन पाळणारी ती पोरे निःशस्त्र होती, त्यांची बाजू न्यायाची होती, आणि त्या वेळी त्यांना कोणी सांगितले असते की बाबांनो, तिबेटी, मंगोल, व्हिएतनामी यांच्याशी आपण कसे वागलो तेही एका पानावर लिहा, तर त्यांनी माझ्या स्नेह्यांसारखेच उत्तर दिले असते. आधी उभे तर राहू. उभे राहिल्यावर काय झाले? १९८९ च्या तिआनआनमेननंतर सरकारने देशभक्तीच्या शिक्षणाची मोठी मोहीम काढली आणि अपमानाचे शतक पाठ्यपुस्तकांत अधिकच ठळक केले. २००६ साली क्वांगचौच्या विद्यापीठातील युआन वेइशी या वयोवृद्ध प्राध्यापकांनी एका वृत्तपत्राच्या पुरवणीत लेख लिहिला. बॉक्सर बंडाचा धडा आपण मुलांना एकतर्फी शिकवतो, बंडखोरांनी केलेल्या हत्या त्यात येत नाहीत, हे मुलांना विष पाजण्यासारखे आहे, असे त्यांनी म्हटले. सरकारने ती पुरवणीच बंद केली. काही आठवड्यांनी ती पुन्हा निघाली, पण तिचे दोन्ही संपादक दूर झालेले होते. देण्याचे पान दुबळेपणी लिहिले नाही, तर बलवान झाल्यावर ते लिहू देणारा कोणी उरत नाही. स्नेह्यांना मी हेच कळवले. त्यांचे उत्तर आलेले नाही.

आपल्याला बलवान व्हायचे नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. दुर्बळाच्या तोंडचा राजधर्म लाचारीसारखा ऐकू येतो हे १९६२ ने शिकवले. गलवानच्या वीस जवानांपुढे मेन्शियस वाचून दाखवण्याची माझी छाती नाही. पण भारतही आता मोठा होतो आहे, आणि आपल्यालाही लहान शेजारी आहेत. काठमांडूत आणि कोलंबोत आपल्याविषयी काय बोलले जाते ते आपल्या वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येते. तिथले बोलणे ऐकले की मला हनोईच्या त्या बैठकीची आठवण होते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी विद्यावर्धक संघाविषयीचा मजकूर आमच्या शाळेतील कन्नडच्या ज्येष्ठ शिक्षकांना वाचून दाखवला. मराठी त्यांना समजते, बोलत नाहीत. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आता १९५६ चे काही काढतील. मग म्हणाले, "सर, बरोबर आहे हे. पण आमच्याकडे तुळू आणि कोंकणीचे पान लिहायचे राहिले आहे." आणि शिपायाला चहा सांगायला उठले.